प्रदक्षिणा : निघालेल्या जागी परत येण्याचा अर्थ

श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करून हजारो भाविक अंधारातच ब्रह्मगिरीच्या वाटेला लागतात. सुमारे वीस किलोमीटर चालून, चिखलाने माखलेल्या पायांनी, ते पुन्हा कुशावर्तावर येऊन उभे राहतात. शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर या सर्व खटाटोपाचे फळ शून्य आहे. आरंभबिंदू व अंतिमबिंदू एकच असल्यास चाललेले अंतर कितीही असो, विस्थापन शून्यच धरले जाते. लौकिक व्यवहारातही प्रवास म्हटला की ‘कोठे पोहोचलात?’ हा पहिला प्रश्न असतो. प्रदक्षिणा करून आलेल्याला त्याचे उत्तर देता येत नाही, कारण तो निघाला तेथेच पोहोचलेला असतो.

मग ही पायपीट कशासाठी? हा प्रश्न केवळ नास्तिकाचा नाही. पहाटे तीन वाजता पावसाच्या सरीत, घोटाभर चिखलात उभ्या असलेल्या श्रद्धाळूच्या मनातही तो येतो. त्यामुळे ‘पुण्य मिळते’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण करणे योग्य नव्हे.

‘प्रदक्षिणा’ या शब्दात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हा अर्थ आहे. पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरणे, इतकाच मूळ विधी. देशात डोंगराभोवती अशी प्रदक्षिणा अनेक ठिकाणी होते. तिरुवण्णामलै येथे अरुणाचलाची चौदा किलोमीटरांची फेरी पौर्णिमेच्या रात्री घातली जाते. व्रजात गोवर्धनाची सात कोसांची परिक्रमा आहे. गिरनारची सुमारे छत्तीस किलोमीटरांची परिक्रमा कार्तिकात होते. कैलासाची परिक्रमा तर हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटातील बोन पंथीय असे चौघेही करतात. त्यांपैकी बोन पंथीय उलट दिशेने जातात, आणि त्यावरून कोणी भांडत नाही. कैलासाच्या शिखरावर मात्र आजवर कोणी चढल्याची नोंद नाही. परिक्रमा असंख्यांनी केली, शिखर कोणी घेतले नाही, आणि त्यामुळे कैलासाचे काही उणे झाले नाही.

चढणे आणि भोवती फिरणे यांतील भेद ब्रह्मगिरीच्या इतिहासातही दिसतो. या डोंगराचा माथा हा एक किल्ला आहे. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तो स्वराज्यात आणला, पुढे तो अनेक हातांत गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. ज्याला डोंगर ताब्यात घ्यावयाचा होता त्याने माथा गाठला. भोवतीच्या वाटेवर आजवर कोणी आपले निशाण लावलेले नाही. वर गंगाद्वाराकडे व मूलगंगेकडे जाणारे भाविकही असंख्य आहेत आणि त्यांची वाट पूर्वापार शास्त्रसंमत आहे, तेव्हा येथे चढण्याचा निषेध नाही. फरक वृत्तीचा आहे. चढणाऱ्याचे लक्ष्य पुढे असते आणि ते गाठले की संपते. प्रदक्षिणा करणाऱ्याचे लक्ष्य सदैव बाजूला असते. तो त्याच्याकडे जात नाही, त्याच्यापासून दूरही जात नाही, आणि डोंगर जसा वळेल तसे त्याला वळावे लागते.

या विधीच्या मुळाशी असलेली गौतम ऋषींची कथा बहुतेक भाविकांना ठाऊक असते, पण ती घाईने सांगितली जाते. शिवपुराणातील कथेनुसार मोठे अवर्षण पडले असता गौतमांनी वरुणाची आराधना करून कधीही न आटणारा पाणवठा मिळविला. त्या पाण्यामुळे इतर ऋषींची कुटुंबेही तेथे येऊन राहिली. पुढे पाणी भरण्यावरून स्त्रियांमध्ये वाद झाला आणि तो वाढत गेला. गौतमांना तेथून घालवावे म्हणून इतर ऋषींनी गणेशाला साकडे घातले. गणेशाने त्यांना परोपरीने समजावले, तरी ते ऐकेनात. अखेर एक मरणासन्न गाय गौतमांच्या शेतात शिरली. त्यांनी तिला गवताच्या काडीने हाकलले, तशी ती गतप्राण झाली. गोहत्येचा दोष लागला, बहिष्कार पडला आणि प्रायश्चित्त सांगितले गेले. त्या प्रायश्चित्तात ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणा होत्या.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. गौतम निरपराध होते. गाय कृत्रिम होती, कट दुसऱ्यांचा होता. मग प्रायश्चित्त त्यांनी का करावे? आजच्या न्यायबुद्धीने पाहिले तर त्यांनी चौकशी मागावयास हवी होती. परंतु कट त्यांना ठाऊक नव्हता. त्यांना इतकेच ठाऊक होते की आपल्या हातातील काडीने एक जीव गेला. हेतू नव्हता, ही सबब त्यांनी पुढे केली नाही. एखादी गोष्ट आपल्या हातून घडली आणि ती आपल्या इच्छेने घडली नाही, या दोन्ही विधानांत विरोध नाही, हे त्यांनी ओळखले. माणसाच्या आयुष्यातील बहुतेक दुःखद गोष्टी अशाच असतात. घाईत बोललेला शब्द, वृद्ध आईवडिलांकडे झालेले दुर्लक्ष, रस्त्यावर क्षणभर चुकलेली नजर. यांत दुष्टपणा नसतो, म्हणून न्यायालयात शिक्षाही नसते. पण ओझे मात्र असते. अशा ओझ्यासाठी परंपरेने चालणे सांगितले. ते ओझे वाहून न्यावे असे कोठलेच ठिकाण नसते, म्हणून गोल चालणे सांगितले.

कथेचा उत्तरार्ध अधिक विलक्षण आहे. शंकर प्रसन्न झाले तेव्हा त्यांनी गौतमांना सांगितले की तू निर्दोष आहेस, दोषी ते कपट करणारे आहेत. त्यावर गौतमांनी सूडाचा वर मागितला नाही. त्या ऋषींनी हे केले नसते तर आपल्याला हे दर्शन घडले नसते, म्हणून त्यांनी उपकारच केला, असे ते म्हणाले आणि त्यांनी गंगा मागितली. ज्या पाण्यावरून भांडण झाले ते पाणी अशा रीतीने सर्वांचे झाले. गंगाद्वारी प्रकटून गुप्त झालेल्या गोदेला गौतमांनी कुशांनी अडविले ते स्थान म्हणजे कुशावर्त, अशी श्रद्धा आहे. तेथून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन पूर्वसमुद्राला मिळते.

प्रदक्षिणेच्या वाटेविषयी सांगावयाचे तर प्रयागतीर्थावरून पेगलवाडीकडे आणि पुढे पहिने गावाच्या दिशेने यात्रेकरू जातात. डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर अंधारात काळ्या भिंतीसारखा उभा असतो. झुंजूमुंजू होते त्या सुमारास ब्रह्मगिरीची दक्षिण बाजू येते आणि ढगांनी कृपा केली तर दृश्य एकदम उघडते. खाली भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, कड्यांवरून पांढऱ्या धारा कोसळत असलेल्या, दूर वैतरणेच्या खोऱ्यातील जलाशयाची चकाकी. पुढे पश्चिमेकडे वळल्यावर हरिहर किल्ल्याचा ताशीव माथा दिसतो. ढगांनी कृपा केली नाही तर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. श्रावणात हाच अनुभव अधिक येतो, आणि केवळ सृष्टिसौंदर्यासाठी आलेल्याची निराशा होते.

काही वयोवृद्ध भाविक म्हणतात की प्रदक्षिणेत इकडेतिकडे पाहू नये, नामात लक्ष असावे. त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवूनही असे सांगावेसे वाटते की ब्रह्मगिरी हा शिवरूप मानला असेल तर त्याच्याकडे पाहणे म्हणजे दर्शनच होय. देवळात गेल्यावर डोळे मिटून बाहेर येणारा भाविक विरळा. शिवाय डोंगराचे दर्शन एका जागेवरून पूर्ण होत नाही. त्र्यंबक गावातून दिसणारा ब्रह्मगिरी म्हणजे सरळ तुटलेले काळे कातळ, जणू पाठीशी उभी केलेली भिंत. पहिन्याकडून तोच डोंगर रुंद आणि हिरवा दिसतो. आणखी पुढे गेल्यावर त्याला वेगळेच खांदे फुटतात. गावात जन्म काढलेल्या माणसाने ज्याला आयुष्यभर ब्रह्मगिरी म्हटले ती त्याची एक बाजू असते. सत्याच्या अनेक बाजू असतात, हे जैन दर्शनातील अनेकान्तवादाने तर्काने मांडले. वीस किलोमीटर चालणाऱ्याला ते पायांनी कळते. आणि गंमत अशी की फेरी पूर्ण केल्यावरही संपूर्ण डोंगर एकाच वेळी कधी दिसत नाही. दक्षिणेची बाजू समोर येते तेव्हा पूर्वेची आठवणीत गेलेली असते. विस्थापन शून्य असले तरी परतलेल्याला समोरच्या काळ्या कातळामागे काय आहे हे ठाऊक झालेले असते. गावातून दिसणारे दृश्य बदललेले नसते, पाहणारा मात्र बदललेला असतो.

याच फेरीत आणखी एक अदृश्य रेषा ओलांडली जाते. पूर्वेच्या उतारावर पडलेला पावसाचा थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातो. पलीकडच्या उतारावरचा थेंब वैतरणेला मिळून अरबी समुद्राकडे धावतो, आणि त्यातील काही धरणांच्या वाटेने मुंबईच्या नळांतही पोहोचतो. प्रदक्षिणा करणारा मुंबईचा भाविक आपण घरी पितो त्या पाण्याच्या उगमाजवळून चालत असतो, याची त्याला बहुधा कल्पना नसते.

वारकरी संप्रदायाच्या दृष्टीने या वाटेचे महत्त्व वेगळेच आहे. विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि बालवयातील निवृत्तिनाथ चुकून एका गुहेत शिरले, अशी परंपरागत कथा आहे. त्या गुहेत गहिनीनाथ होते. त्यांनी निवृत्तीला दीक्षा दिली, निवृत्तीने ज्ञानदेवांना. निवृत्तिनाथांची समाधी याच त्र्यंबकेश्वरी असून पौष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते.

या कथेवरून ‘वाट चुकणे हेच खरे’ असा सोपा अर्थ काढणारे प्रवचनकार पुष्कळ आहेत. तो अर्थ पटणारा नाही. निवृत्तिनाथ वाट चुकावी म्हणून निघाले नव्हते. आईवडिलांचे बोट धरून, नेमाने चालणाऱ्या मुलावर तो प्रसंग आला. शिवाय ज्या आईवडिलांचे मूल रानात हरवले त्यांचे ते दिवस कसे गेले असतील, याचा विचारही कथा ऐकताना व्हावयास हवा. समाजाने वाळीत टाकलेले ते दांपत्य होते. त्यांच्या दृष्टीने ती प्रदक्षिणा अपुरी आणि भयंकरच ठरली असणार. जे एकाच्या बाबतीत गुरुकृपा ठरले तेच त्या क्षणी दुसऱ्याच्या बाबतीत काळजाचा ठोका चुकविणारे होते. संतचरित्रातील असे दुखरे कोपरे घासूनपुसून गुळगुळीत करू नयेत.

आता एका अवघड विषयाकडे वळावे लागते. शिवमंदिरात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत, हे प्रत्येक भाविकास लहानपणी शिकविलेले असते. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते ती सोमसूत्राची धार ओलांडावयाची नाही, तेथून मागे फिरावयाचे. ब्रह्मगिरीला मात्र पूर्ण फेरी घातली जाते. शिवरूप डोंगरावरून पावसाळ्यात शेकडो धारा वाहत असतात आणि त्या ओलांडल्यावाचून पुढे जाताच येत नाही. सोमसूत्र झाकलेले असेल तर दोष नाही, असाही एक पक्ष आहे. गोदा गुप्तरूपाने वाहते म्हणून येथे मोकळीक आहे, अशी संगती त्यावरून कोणी लावील. शास्त्रार्थ शास्त्र्यांनी ठरवावा. व्यवहारात दिसते ते असे की ज्या भाविकाचे पाऊल देवळात बोटभर धारेपाशी अडते, तोच डोंगरावर त्याच शिवाच्या धारेत फराळाची पत्रावळ, पाण्याची रिकामी बाटली आणि तंबाखूची पुडी टाकून पुढे जातो. दोन्ही ठिकाणी श्रद्धा खोटी नसते. देवळातील धार त्याला पवित्र म्हणून दाखविण्यात आली, डोंगरातील कोणी दाखविली नाही, एवढेच.

डोंगराला केंद्र मानणे म्हणजे काय, याची कसोटी तेथे लागते. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्ध नाशिक परिसरातील नागरिक व पर्यावरणप्रेमी उभे राहिले होते. डोंगराचा पायाच खणला तर प्रदक्षिणा कोणाभोवती घालावयाची, हा त्यांचा प्रश्न साधा होता. पुढे ब्रह्मगिरी व अंजनेरी यांना जोडणाऱ्या रज्जुमार्गाची कल्पना मांडली गेली, तेव्हाही कड्यांत घरटी करणाऱ्या गिधाडांचे काय होईल, अशी हरकत घेण्यात आली. वृद्धांना व अपंगांना डोंगर सुलभ व्हावा, ही इच्छा चांगलीच आहे. तिला हसण्याचे कारण नाही. पण वळावे कोणी, माणसाने डोंगराभोवती की डोंगराने माणसाच्या सोयीभोवती, हे एकदा तरी स्पष्टपणे विचारले जाणे आवश्यक आहे. सोयीची मागणी कोठेतरी थांबावी लागते, आणि ती जागा नकाशात आखून मिळत नाही.

ज्यांना चालवत नाही त्यांचे काय? येथे परंपरा आजच्या अनेक लोकांपेक्षा उदार आहे. आरतीनंतर जागच्या जागी स्वतःभोवती फिरण्याची आत्मप्रदक्षिणा सर्वांना ठाऊक आहे. ती खुर्चीवर बसून मनोमनही करता येते. गुडघे साथ देत नाहीत म्हणून वाहनातून फेरी मारणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र पाय धड असताना वाहनाने फेरी मारून ‘प्रदक्षिणा झाली’ म्हणणे म्हणजे उपवासाच्या दिवशी पोटभर जेवून ‘फराळ केला’ म्हणण्यासारखे आहे. तो दोष देवाकडे जात नाही. ज्याचा त्याला ठाऊक असतो. दुसऱ्याला पैसे देऊन आपल्या नावाने चालावयास लावणे तर निव्वळ हिशेबाचा व्यवहार झाला.

दानाची गोष्ट वेगळी. ब्रह्मगिरीवर जाण्याच्या पायऱ्या विसाव्या शतकाच्या आरंभी कराचीच्या व्यापाऱ्यांच्या देणगीतून झाल्या, असे सांगितले जाते. कराची आज दुसऱ्या देशात आहे, पण पायऱ्या चढणाऱ्याच्या गुडघ्यांना त्या दानाचा लाभ अजून होतो. देणगीदाराने चालणाऱ्याचे पुण्य विकत घेतलेले नसते. चालणाऱ्याला पाऊल टेकावयास जागा दिलेली असते. आजच्या देणगीदारांच्या मनात प्रदक्षिणामार्गासाठी काही करावयाचे असेल, तर नव्या कमानीपेक्षा कचरा उचलून नेण्याची व्यवस्था, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि चिखलाच्या उतारावर दगडांची फरसबंदी यांची निकड अधिक आहे. यांपैकी पुष्कळ गोष्टींवर नावाची पाटी नीट बसत नाही, ही त्यांची अडचण खरी.

या वाटेवरच्या वस्त्यांत प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची कुटुंबे राहतात. येथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात यांतील अनेक वस्त्यांच्या विहिरी तळ गाठतात. पाणी डोंगर उतरून दूरच्या धरणांत व शहरांत गेलेले असते. गौतमांच्या आश्रमातील पाणवठ्याचे भांडण आटोपले असे समजणाऱ्याने एप्रिल महिन्यात येथील हंड्यांची रांग पाहावी. आणि श्रावणात, आवणी नुकतीच उरकलेली असताना, या कुटुंबांच्या खाचरांच्या बांधांवरून लाखो पावले जातात. बांध फुटला तर खाचरातील पाणी जाते, पाणी गेले तर रोप पिवळे पडते. तरीही चहाचे आधण रात्रभर चुलीवर ठेवणारी, घसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात देणारी माणसे याच घरांतील असतात. त्यांपैकी अनेकांनी प्रदक्षिणा म्हणून ही फेरी कधी घातलेलीही नसेल. शाळा, बाजार, नातेवाईक, शेत यांसाठी तिचे तुकडे मात्र ते रोज चालतात.

सोमवार सरतो, मंगळवारी सकाळी वाट मोकळी होते. तेव्हा कुदळ खांद्यावर टाकून बांध नीट करावयास ती माणसे बाहेर पडतात. डोंगर उजव्या हाताला येतो की डाव्या, हे त्या दिवशी कोणाचे शेत कोणत्या बाजूला आहे यावर अवलंबून असते.